विश्लेषण : ‘स्लीप अ‍ॅप्निया’चे यंत्र कपाटात का जाऊन पडते?

डॉक्टरांनी सांगितले म्हणून सी-पॅप यंत्र घरी येते. पहिल्या रात्री मास्क लावून तासभर तळमळ होते, दुसऱ्या रात्री नाक चोंदते, आठवडाभरात मास्क मध्यरात्री काढून उशीशेजारी ठेवला जातो आणि महिन्याभरात यंत्र कपाटात जाते. स्लीप अ‍ॅप्नियाच्या अनेक रुग्णांचा हा अनुभव आहे. ‘मला यंत्र मानवत नाही’ असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. प्रत्यक्षात अडचण बहुतेकदा मास्कच्या मापात, हवेच्या दाबात किंवा नाकाच्या कोरडेपणात असते आणि ती दूर करता येते.

आजार नेमका काय?

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडून श्वासमार्ग अरुंद होतो. त्यातून हवा जाताना होणारी थरथर म्हणजे घोरणे. हा मार्ग पूर्ण बंद झाला तर छाती आणि पोट श्वासासाठी झटत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू शरीराला क्षणभर जागे करतो, गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतला जातो आणि पुन्हा झोप लागते. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. म्हणूनच आजार आधी लक्षात येतो तो शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीच्या. घोरणे एकाएकी थांबते, काही सेकंद शांतता पसरते आणि मग घुसमटल्यासारखा आवाज येतो, ही त्याची खूण.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर तो एक प्रसंग धरतात. तासाला असे किती प्रसंग घडतात, त्या आकड्याला ‘एएचआय’ म्हणतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्यापुढे तीव्र. म्हणजे तीव्र आजारात सरासरी दर दोन मिनिटांनी किंवा त्याहून लवकर श्वास अडतो.

दुर्लक्ष का महागात पडते?

आठ तास अंथरुणात काढूनही झोप पुरी होत नाही. सकाळी डोके दुखते, दिवसभर पेंग येते, चिडचिड वाढते, विसराळूपणा येतो. रात्री वारंवार ऑक्सिजन घटत राहिल्याने रक्तदाब वाढतो. औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी या आजाराचा संबंध दिसून आला आहे. वाहनचालकांसाठी धोका तातडीचा असतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर काही सेकंदांची डुलकीही जीवघेणी ठरू शकते. दिवसा पेंग येणाऱ्याने उपचारांनी ती थांबेपर्यंत गाडी चालवू नये, हा सल्ला त्यासाठीच.

२०२३ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी देशातील आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार कामकाजाच्या वयातील सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा विकार असावा. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या कारणांत याच आजाराचा उल्लेख होता.

यंत्र काम कसे करते?

सी-पॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून, ठरावीक दाबाने नळी आणि मास्कवाटे घशात सोडते. हा दाब श्वासमार्गाला आतून आधार देतो, त्यामुळे तो मिटत नाही. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिवन यांनी १९८०च्या सुमारास ही पद्धत शोधली आणि १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. हे यंत्र चष्म्यासारखे आहे. लावले की उपयोग होतो, काढले की मूळ त्रास परततो. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून ते आपल्या मनाने बंद करणे चुकीचे ठरते.

सुरुवातीला त्रास कशाने होतो?

मास्कचे माप ही पहिली अडचण. हवा गळते म्हणून पट्टे आवळले जातात, त्याने नाकावर वळ उठतात आणि गळती तशीच राहते. मास्क आडवे होऊन, यंत्र सुरू ठेवून बसवावा, कारण बसल्यावर आणि झोपल्यावर चेहऱ्याचा आकार थोडा बदलतो. दाढी-मिशी किंवा रात्री चेहऱ्याला लावलेले तेल, क्रीम यांनीही मास्क सरकतो. नाकपुड्यांपुरता, नाकावर बसणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे मास्कचे तीन मुख्य प्रकार आहेत. एक जमला नाही म्हणून उपचार सोडण्याऐवजी दुसरा वापरून पाहावा.

दुसरी अडचण दाबाची. अनेकांना हवा जास्त वाटते, तर काहींना उलट पुरेशी हवा मिळत नाही असे वाटते. बहुतेक यंत्रांचा दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका ठेवता येतो आणि सुरुवातीचा ४ हा दाब काहींना गुदमरवणारा वाटतो. काहींच्या पोटात हवा जाऊन पोट फुगते. हे बदल डॉक्टर किंवा तंत्रज्ञ करून देऊ शकतात. दाब हळूहळू वाढवण्याची सोयही बहुतेक यंत्रांत असते.

तिसरी अडचण कोरडेपणाची. घसा सुकत असेल तर यंत्राचे ह्युमिडिफायर वाढवावे. त्यात शक्यतो डिस्टिल्ड वॉटर घालावे, कारण बोअरच्या पाण्याचे क्षार तळाशी साचतात. थंडीत किंवा वातानुकूलित खोलीत नळीत पाणी जमून गुळगुळ आवाज येतो. तेव्हा ह्युमिडिफायर कमी करावे किंवा नळीला कापडी आवरण घालावे. तोंड उघडे राहून हवा निसटत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क उपयोगी पडतो. नाक कायम चोंदत असेल तर त्यावर आधी उपचार घ्यावेत.

सवय कशी लावायची?

मास्कने जीव घाबरत असेल तर थेट रात्रीपासून सुरुवात करू नये. आधी दिवसा टीव्ही पाहताना नुसता मास्क लावावा. मग यंत्र सुरू करून अर्धा तास बसावे, पुढे दुपारच्या झोपेत वापरावे आणि मग रात्री. वीज गेली तर जीव गुदमरेल, ही भीतीही अनेकांना असते. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रे असतात आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये यंत्र बंद पडताच बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टरची सोय उपयोगी पडते.

वापर पुरेसा होतो आहे की नाही, हे सांगण्यासाठी रात्री किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री असा निकष वापरतात. पण तो किमान आहे. झोपेच्या शेवटच्या तासांत श्वास अधिक अडू शकतो, म्हणून पूर्ण रात्र हेच लक्ष्य असावे. वापराचे तास, हवेची गळती आणि उरलेला एएचआय यांची नोंद यंत्र ठेवते. पहिल्या महिन्यात ही नोंद डॉक्टरांना दाखवल्यास बिघाड कुठे आहे ते कळते.

फायद्याबाबत किती खात्री?

दिवसाची पेंग कमी होणे, मन हलके होणे आणि रक्तदाब थोडा उतरणे हे फायदे बऱ्यापैकी सिद्ध आहेत. हृदयविकाराबाबत चित्र तितके स्पष्ट नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत २,७१७ रुग्णांचा समावेश होता. त्यात सी-पॅपने हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र या रुग्णांचा सरासरी वापर रात्री जेमतेम ३.३ तासांचा होता.

पर्याय कोणते?

सौम्य आणि मध्यम आजारात जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरण चालते. कुशीवर झोपणे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळणे उपयोगी ठरते. वजन १० टक्के घटल्यास एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असे अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात आढळले. स्थूल रुग्णांसाठी ‘टिर्झेपॅटाइड’ या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. मात्र हे सर्व करताना यंत्र कधी थांबवायचे, हे पुन्हा झोप तपासणी करूनच ठरवावे.

यंत्र महाग असते आणि आरोग्य विम्यात त्याची किंमत बहुधा मिळत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी काही आठवडे भाड्याने घेऊन, योग्य मास्क आणि दाब ठरवून मगच खर्च करावा. ज्यांच्या घरी ते आधीच कपाटात आहे, त्यांनी नवा मास्क आणि तपासलेला दाब घेऊन ते एकदा पुन्हा बाहेर काढायला हरकत नाही.