रात्री दोनचा रिपोर्ट

जोडून सुट्टी आलेल्या त्या सोमवारची सकाळ आठवते का? निम्मं हॉस्टेल घरी गेलेलं आणि मेसच्या बोर्डवर कागद लागला होता : 'आज रजेवरील विद्यार्थी - ०'. मेसच्या मामांनी बिचाऱ्यांनी कागदावर विश्वास ठेवून सगळ्यांचे पोहे केले. दुपारपर्यंत ते पोहे पातेल्यात तसेच पडून होते. त्याच दिवशी फर्स्ट इयरचा एक मुलगा काविळीतून उठून अकरा दिवसांनी परत आला. रजेचा अर्ज त्याने नीट भरला होता. त्याच्या रिबेटचे दिवस मोजले गेले शून्य. दिवसाला ९० रुपये, म्हणजे ९९० रुपये गेले. ऑफिसमध्ये त्याला उत्तर मिळालं, "कॉम्प्युटरमध्ये तुझी रजा दिसत नाही."

मी कॉम्प्युटर ब्रँचची, म्हणून मेस कमिटीने मला पकडलं. (घरी टीव्ही बिघडला तरी मलाच पकडतात, ते असो.) या भानगडीत जे कळलं ते इथे सांगते, कारण उद्या नोकरीत तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या गळ्यात हेच पडणार आहे.

आधी यंत्रणा काय आहे ते बघू. रजेचे अर्ज मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये जातात. तो डेटाबेस एका मशीनवर आहे. दुसऱ्या मशीनवर एक स्क्रिप्ट आहे, ती रोज रात्री २ वाजता आपोआप चालते, डेटाबेसला विचारते की आज कोण कोण रजेवर, आणि यादीची फाईल बनवते. पहाटे ती छापली जाते. महिन्याचं बिल याच फायली जोडून बनतं. स्क्रिप्टला रात्री उठवायचं काम लिनक्समधला 'क्रॉन' करतो. क्रॉन म्हणजे आपला गजर लावलेला रखवालदार समजा.

आता गंमत अशी, की सिस्टिमवाल्या सरांनी माझ्यासमोर तीच स्क्रिप्ट हाताने चालवली आणि यादी झटक्यात आली. एकोणनव्वद नावं! सर म्हणाले, "बघ, काही प्रॉब्लेम नाहीये." पण हाताने चालते आणि रात्री चालत नाही, हाच तर प्रॉब्लेम. या दोन वेळांत फरक काय काय असतो? चालवणारा युजर वेगळा असू शकतो, वेळ वेगळी असते, आणि आजूबाजूची परिस्थिती वेगळी असते. सगळा शोध या तीन फरकांतच घ्यायचा असतो. स्क्रिप्टचा कोड पहिल्या ओळीपासून वाचत बसण्यात अर्थ नाही, कारण कोड दोन्ही वेळा तोच आहे.

रात्री दोनला सर्व्हरसमोर बसून बघणं मला शक्य नव्हतं. गर्ल्स हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं आणि रेक्टर मॅडमना 'क्रॉन बघायला जाते' हे कारण पटलं नसतं. मग रात्रीचा साक्षीदार एकच, लॉग फाईल. आणि तीच नव्हती! क्रॉनच्या ओळीच्या शेवटी सगळा आउटपुट 'डेव्ह-नल'मध्ये ढकललेला होता. डेव्ह-नल म्हणजे लिनक्समधला अंधारा आड, त्यात टाकलेलं परत येत नाही. बारा रात्री स्क्रिप्ट ओरडून सांगत असणार आणि आपण तिच्या तोंडावर हात ठेवलेला. ते काढून आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाईलमध्ये, तारीख-वेळेसकट, लिहायला लावलं. त्या दिवशी एवढंच केलं. मंगळवारी सकाळी फाईल उघडली.

त्यात मायएसक्यूएलचा १०४५ नंबरचा एरर होता : ॲक्सेस डिनाइड. ही तशी बरी बातमी असते. नेटवर्क चालू आहे, डेटाबेस जागा आहे, आपण त्याच्या दारापर्यंत पोचलो आहोत, फक्त वॉचमनने आत सोडलं नाही. पण लोक घाईत पहिले दोन शब्द वाचून थांबतात. खरी चावी ओळीच्या शेवटी असते : 'युझिंग पासवर्ड : नो'. तिथे 'येस' असतं तर अर्थ असा, की पासवर्ड दिला पण चुकला, किंवा त्या मशीनवरून त्या युजरला परवानगीच नाही. 'नो' म्हणजे पासवर्ड दिलाच नाही.

का दिला नाही? बारा दिवसांपूर्वी सरांनी पासवर्ड बदलला होता. आधी तो स्क्रिप्टमध्येच उघडा लिहिलेला होता. सरांनी तो काढून स्वतःच्या लॉगिनच्या बॅश-प्रोफाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून ठेवला. हेतू अगदी बरोबर, आणि त्यांनी चालवूनही पाहिलं होतं. पण बॅश-प्रोफाइल वाचली जाते ती माणूस लॉगिन करतो तेव्हा. क्रॉन लॉगिन करत नाही. तो साधा शेल उघडतो, त्याला होम फोल्डर माहीत असतं, पाथमध्ये बहुतेक वेळा 'यूएसआर-बिन' आणि 'बिन' एवढे दोनच फोल्डर असतात, बाकी हात रिकामे. आपण दिवसा ज्या खिशातून किल्ली काढतो तो शर्टच त्याच्या अंगावर नसतो. हे दिवसाही तपासता येतं : 'एन्व्ह' कमांडला मायनस आय लावून स्क्रिप्ट चालवली, की सगळे व्हेरिएबल पुसून ती चालते. तसं केलं आणि भर दुपारी तोच एरर आला. रात्रीचा रोग दिवसा दाखवता आला की निम्मं काम झालं.

उपाय सोपा. पासवर्ड मायएसक्यूएलच्या ऑप्शन फाईलमध्ये, होम फोल्डरमध्ये ठेवला आणि परमिशन ६०० केली, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू नये. कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहायचा मोह होतो, पण तो चालू प्रोसेसच्या यादीत दुसऱ्यांना दिसू शकतो.

विंडोजवर हाच आजार वेगळ्या कपड्यांत येतो. ओडीबीसीचा 'युजर डीएसएन' फक्त तो बनवणाऱ्या युजरलाच दिसतो, शेड्यूल केलेलं काम दुसऱ्या अकाउंटखाली चाललं की 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड'. तिथे 'सिस्टिम डीएसएन' लागतो. शिवाय ३२ बिट आणि ६४ बिटचे डीएसएन वेगवेगळ्या जागी राहतात, आणि नावांचा विनोद असा की ६४ बिटवाला ॲडमिनिस्ट्रेटर 'सिस्टिम-३२' फोल्डरमध्ये आणि ३२ बिटवाला 'सिसवाऊ-६४'मध्ये! मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्येही रिपोर्ट पडद्यावर बघताना समोर बसलेल्या माणसाची ओळख वापरता येते, पण वेळापत्रकाने पाठवायचा तर समोर कोणीच नसतं, म्हणून लॉगिन सर्व्हरवर साठवून ठेवावं लागतं.

बुधवारपासून यादी बरोबर यायला लागली. मेस सेक्रेटरीने मला एक्स्ट्रा गुलाबजाम दिला. पुढच्या सोमवारी पुन्हा शून्य. गुलाबजाम परत मागितला नाही एवढंच.

पण आता लॉग होता, आणि एरर वेगळा होता : २००३, सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही, आणि पुढे आकडा १११. हा आकडा लिनक्सचा असतो आणि फार बोलका असतो. फोनचं उदाहरण घ्या. तुम्ही फोन केला आणि कोणीतरी लगेच उचलून "दुकान बंद आहे" म्हणून ठेवून दिला, तो १११, कनेक्शन रिफ्यूज्ड. म्हणजे पलीकडचं मशीन बहुधा चालू आहे, पण त्या पोर्टवर (मायएसक्यूएलचा नेहमीचा ३३०६) कोणी ऐकायला बसलेलं नाही. नुसती रिंग वाजत राहिली, कोणी उचललंच नाही, तो ११०, टाइम्ड आउट. तिथे संशय फायरवॉलवर, बदललेल्या आयपीवर किंवा बंद मशीनवर. आणि ११३ म्हणजे तिकडे जायला रस्ताच नाही. आपल्याकडे होता १११, मिनिटभरही न थांबता आलेला. म्हणजे रात्री दोनला डेटाबेस बंद होता. कोणी केला?

डेटाबेसच्या मशीनचा स्वतःचा एरर लॉग उघडला तर १:३० ला शटडाऊनची नोंद, आणि २:०७ ला 'रेडी फॉर कनेक्शन्स'. दर रविवारी रात्री आठवड्याचा बॅकअप चालतो. तो डेटाबेस बंद करतो, अख्खं फोल्डर कॉपी करतो आणि पुन्हा चालू करतो. ज्यांनी तो लावला त्यांच्या वेळी दोनच्या आत आटपत असणार. डेटा वाढत गेला, कॉपीला वेळ लागत गेला, आणि एका रविवारी त्याने दोनची रेघ ओलांडली. कोणी काही बदललं नाही आणि तरी बिघडलं, असं म्हणतात ते बहुतेक वेळा असं असतं.

मी मागच्या फायली काढून पाहिल्या. पासवर्ड बदलण्याच्या आधीचे सात सोमवार शून्य होते! एरवी सोमवारी रजेवर चारपाच जण, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या महिन्यांची बिलं भरूनही झाली होती.

आता खरा राग मला कशाचा आला ते सांगते. पासवर्डचा नाही, बॅकअपचाही नाही. डेटाबेस कधी ना कधी बंद असणारच. पण स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं असं : आधी 'संख्या बरोबर शून्य', मग कनेक्ट करायचा प्रयत्न, आणि एरर आला तर तो गिळून गप्प पुढे जा. म्हणजे 'मला माहीत नाही' आणि 'कोणीही रजेवर नाही' या दोन्हीचं उत्तर एकच, शून्य. त्या काविळीवाल्या मुलाला ऑफिसने खोटं पाडलं ते या एका शून्यावर. परीक्षेला गैरहजर आणि परीक्षेत शून्य मार्क, या दोन गोष्टी युनिव्हर्सिटीलासुद्धा वेगळ्या कळतात.

म्हणून बदल केले ते असे. कनेक्शन झालं नाही तर स्क्रिप्ट पाच मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करते, असं सहा वेळा. पण फक्त रिफ्यूज्ड किंवा टाइम्ड आउट असेल तर. ॲक्सेस डिनाइडला पुन्हा पुन्हा दार ठोठावून फायदा नाही, उलट काही ठिकाणी अकाउंट लॉक होतं. सगळे प्रयत्न फसले तर यादी बनतच नाही, एका ओळीचा कागद निघतो आणि सरांना मेल जातो. रिपोर्टची वेळही ३ वर नेली. मामा पाचला उठतात, त्यांना पुरते.

असे आणखी दोनचार एरर वाट्याला येऊ शकतात. १०४० म्हणजे टू मेनी कनेक्शन्स. मायएसक्यूएल मुळात १५१ कनेक्शन घेतो, आणि एखादा प्रोग्रॅम कनेक्शन उघडून बंद करायला विसरत असेल तर ती भरतात. मर्यादा वाढवण्याआधी चालू कनेक्शनांची यादी बघा, कोण ठाण मांडून बसलंय ते कळतं. २००६, 'सर्व्हर हॅज गॉन अवे', हा बऱ्याचदा झोपलेल्या कनेक्शनचा असतो. रिकामं पडलेलं कनेक्शन मायएसक्यूएल मुळातल्या सेटिंगप्रमाणे २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, तोडतो. संध्याकाळी उघडलेलं रात्री दोनला वापरायला जाल तर ते गेलेलं असू शकतं, म्हणून कामाच्या वेळी नवीन उघडावं. २००२ आला तर होस्टचं नाव बघा. लिनक्सवर 'लोकलहोस्ट' लिहिलं की मायएसक्यूएल नेटवर्कने न जाता सॉकेट फाईल शोधतो, १२७.०.०.१ लिहिलं की नेटवर्कने जातो. दोन्ही एकच वाटतात, पण नाहीत. आणि भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर असाल तर सगळ्यात आधी घड्याळ बघा. ते बरेचदा यूटीसीवर असतं, त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. ऐन गर्दीत!

डेटाबेसमधल्या रजा शाबूत होत्या, त्यामुळे जुन्या तारखा देऊन सगळ्या याद्या परत काढल्या. चालू महिन्याच्या लगेच दुरुस्त झाल्या, त्या मुलाचे अकरा दिवस आले. सात सोमवारांसाठी मात्र ऑफिसमध्ये तीन चकरा झाल्या. "बंद झालेलं बिल उघडता येत नाही," हे पहिल्या दोन चकरांचं उत्तर. तिसऱ्यांदा मेस सेक्रेटरी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून गेला, तेव्हा पुढच्या बिलात वळते करायचं ठरलं. ज्यांची नावं आहेत त्यांची यादी मेसच्या दाराशी लावली आहे, बघून घ्या.

मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर सेंटरचा स्विच रात्रभर बंद होता. सकाळी बोर्डवर कागद होता : 'रिपोर्ट मिळाला नाही. रजेचे रजिस्टर बघावे.' मामांनी रजिस्टर आणलं, बोटाने नावं मोजली आणि चौदा ताटं कमी लावली.