पर्यावरण सल्लासेवेतील आंतरवासिता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावातून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर आता आंतरवासितेचा, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करण्याचा टप्पा येतो. कारण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प समाविष्ट झाला आहे. त्यासाठी पर्यावरण सल्लासेवेचे, म्हणजे उद्योगांना, शासकीय विभागांना आणि ग्रामसभांना पाणी, हवा, जमीन व वन यांच्या वापराविषयी शास्त्रीय सल्ला देण्याचे क्षेत्र निवडता येते. मात्र या क्षेत्राविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : हे काम म्हणजे वृक्षारोपण आणि जनजागृती.

वस्तुस्थिती : या व्यवसायाचा मोठा भाग मोजमापाचा आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकल्पांना पर्यावरण आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाचे संभाव्य परिणाम आधीच तपासणारा अभ्यास, सादर करावा लागतो आणि त्यासाठी साधारणतः १० किलोमीटर परिघातील पायाभूत स्थिती नोंदवली जाते. तलावाच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजताना ३०० मिलिलिटरची काचेची बाटली हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी भरून काठावरच तिच्यात मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालावे लागते. तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर तो जवळपास नाही, असे समजते. ही कृती प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत लांबवली, तर पुढचे सारे गणित चुकते.

गैरसमज : येथे केवळ विज्ञान शाखेला वाव आहे.

वस्तुस्थिती : आघात मूल्यांकनाच्या कार्यक्षेत्रांत हवा, पाणी, ध्वनी, भूजल आणि परिसंस्था यांच्याबरोबरच भूमिवापर व सामाजिक-आर्थिक स्थिती यांचाही समावेश आहे. शिवाय जनसुनावणीपूर्वी, म्हणजे बाधित लोकांचे म्हणणे नोंदवून घेणाऱ्या जाहीर सभेपूर्वी, किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत उतरवणे हे भाषेची जाण असलेल्या विद्यार्थ्याचे मोलाचे काम आहे.

गैरसमज : अशी कामे मुंबई-पुण्यातच मिळतात.

वस्तुस्थिती : कार्यालये मोठ्या शहरांत असली तरी अभ्यासाचे विषय गोंदिया जिल्ह्यातच विपुल आहेत. तिरोडा येथील ३,३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प, भातगिरण्यांतील कोंडा जाळल्यानंतर उरणारी राख, २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प, वनहक्क कायदा, २००६ खाली ग्रामसभांना मिळालेल्या सामूहिक वनांचे व्यवस्थापन आणि जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी ठेवायची लोकजैवविविधता नोंदवही ही त्यांची काही उदाहरणे होत. माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच बोलीतले मामा तलाव, हा तर पूर्व विदर्भाचा वारसा आहे. कोहळी समाजाच्या जलकौशल्यातून उभ्या राहिलेल्या या तलावांची पाळ, सांडवा आणि गाळ यांच्या नोंदींशिवाय धानाच्या सिंचनाचा विचार पुरा होत नाही.

स्थानिक विद्यार्थ्याचे महत्त्व सारसाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. महाराष्ट्रातील सारस आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरले असून ते पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या उथळ कडेला घरटी करतात. याउलट बहुतेक प्रकल्पांची पायाभूत माहिती पावसाळा वगळून एकाच हंगामात गोळा केली जाते. त्यामुळे उन्हाळ्यातील पाहणीत घरटे दिसले नाही, एवढ्यावरून तेथे घरटी होत नाहीत असा निष्कर्ष निघत नाही, हे बांधीतून चालत मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. ते अहवालात नोंदवायला लावणे मात्र त्याचे कर्तव्य ठरते.

गैरसमज : आंतरवासितेत वेतन मिळतेच.

वस्तुस्थिती : अभ्यासक्रमांतर्गत आंतरवासितेला विद्यावेतन देणे संस्थेच्या धोरणावर अवलंबून असते. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपयांची तरतूद झाली, परंतु ती शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नव्हती. प्रवास, निवास आणि विद्यावेतन यांची लेखी स्पष्टता आधीच करून घेणे म्हणूनच हिताचे आहे.

गैरसमज : अहवाल पैसे देणाऱ्याला हवा तसा लिहिला जातो आणि प्रशिक्षणार्थी त्यात नाममात्र असतो.

वस्तुस्थिती : आघात मूल्यांकनाचा अहवाल भारतीय गुणवत्ता परिषदेच्या नॅबेट या मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार संस्थेने करायचा असतो आणि त्याची जबाबदारी मान्यताप्राप्त तज्ज्ञांवर असते, त्यामुळे प्रशिक्षणार्थी त्यावर तज्ज्ञ म्हणून सही करू शकत नाही. तथापि, २००६ च्याच अधिसूचनेनुसार हेतुपुरस्सर दडवलेली किंवा खोटी माहिती आढळल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते. अशा वेळी तारीख, वेळ, ठिकाण आणि आकडा जागेवरच लिहिलेली क्षेत्रवही हाच पहिला पुरावा ठरतो. ती वही बहुधा प्रशिक्षणार्थ्याच्याच हातात असते, आणि तिच्यातला प्रत्येक आकडा खरा राखण्याचा अधिकार व जबाबदारी या दोन्ही गोष्टी त्याला सहीविनाच मिळालेल्या असतात.