चाळीसचा शाफ्ट पन्नासचा झाला तेव्हा...

टी.ई.ला असतानाची गोष्ट. मशीन डिझाईनच्या टर्मवर्कमध्ये माझ्या वाट्याला रिजिड फ्लँज कपलिंग आलं होतं. शाफ्टचा व्यास निघाला ४० मिमी. दोन रात्री जागून सॉलिडवर्क्समध्ये झक्कास मॉडेल केलं. सबमिशनच्या आदल्या दिवशी सरांनी कॅल्क्युलेशनवर बोट ठेवलं. टॉर्क चुकला होता (मीच चुकवला होता!), शाफ्ट ५० चा हवा. मी म्हटलं, त्यात काय, पॅरामेट्रिक सॉफ्टवेअर आहे, ४० खोडून ५० टाकू!

टाकले. भोक तेवढं मोठं झालं. हब ८० चाच राहिला, बोल्टचा पीसीडी १२० च, आणि की-वे चक्क गायब. फीचर ट्रीमध्ये लाल खूण.

मित्रांनो, ड्रॉइंग शीटवर आपण आधी रेघ मारतो, मग तिचं माप लिहितो. इथे उलटं असतं. आकडा आधी, रेघ त्याच्यामागे. आकाराला असं ओढत नेणारं माप म्हणजे ड्रायव्हिंग डायमेन्शन. पण ते तुम्ही जोडलेल्या गोष्टींनाच ओढतं. हब शाफ्टच्या दुप्पट, हबची लांबी दीडपट, पीसीडी तिप्पट, फ्लँजचा व्यास चौपट आणि जाडी निम्मी, हे पुस्तकात होतं, माझ्या डोक्यातही होतं. मॉडेलमध्ये मात्र नुसते सुटे आकडे. त्या रात्री प्रत्येक मापाला इक्वेशन दिलं आणि शाफ्टचा व्यास हा एकच आकडा मोकळा ठेवला.

की-वेची गंमत वेगळीच. त्याचं माप मी केंद्रापासून दिलं होतं, २३.३. ४० च्या भोकाची त्रिज्या २०, तेव्हा ३.३ खोली बरोबर मिळत होती. त्रिज्या २५ झाल्यावर तो सगळा कट भोकाच्या पोकळीतच पडला, कापायला धातूच उरला नाही! बरं, वर्कशॉपमध्ये तरी केंद्रापासून कोण मोजणार? तिथे तर हवा असते. व्हर्नियर लागतो भोकाच्या खालच्या काठापासून की-वेच्या माथ्यापर्यंत. माप तिथेच द्यायला हवं होतं. आणि इथे इक्वेशनही चालत नाही, कारण की टेबलमधून पायऱ्यांनी बदलते: ४० ला १२×८, ५० ला १४×९ आणि हबमधली खोली ३.८. अशा वेळी एक्सेलचं डिझाईन टेबल जोडलेलं बरं.

बोल्टचंही तेच. शाफ्ट ४० पर्यंत तीन बोल्ट, त्यापुढे १०० पर्यंत चार. मी संख्या चार केली, पण पॅटर्नचा कोन १२० अंश तसाच. म्हणजे चौथं भोक फिरून पहिल्यावरच! कोन ३६० भागिले बोल्टची संख्या असा लिहिल्यावर प्रश्न मिटला.

शेवटी हबच्या भिंतीची जाडीही दाखवावी म्हणून तिचं माप टाकायला गेलो, तर सॉलिडवर्क्सने विचारलं, हे ड्रिव्हन करू का? बरोबरच आहे. भोक आणि हब ठरले की जाडी आपोआप ठरते. तिसऱ्या आकड्याने हुकूम सोडला तर स्केच ओव्हर डिफाइन्ड होणार. म्हणून ते माप करड्या रंगात नुसतं वाचायला राहतं. त्यावर मी ‘हो’ म्हटलं, जाडी २५ दिसली, आणि रात्री अडीचला प्रिंट मारली.