घरात पैशांची ओढाताण असताना मुलांशी काय बोलावं?



बाहेरगावच्या पाहुण्यांना सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल आठवतात. ते विणणारे यंत्रमाग कामगार आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो बाया हेच आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील. विडीची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. पान खराब निघालं किंवा आई दोन दिवस तापाने पडली, की त्या आठवड्याची कमाई घटलीच. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर माग आणि विडी कारखाने एकदमच थांबले. अशा वेळी मोठी माणसं हळू आवाजात बोलतात. मुलं मात्र सगळं ऐकतात, पण अर्धवट. उरलेलं अर्धं ती मनानेच भरतात, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा भीतीदायक असतं. "मी दप्तर मागितलं म्हणून भांडण झालं" असंही एखाद्याला वाटतं.

मुलं कशी सांगतात?
सरळ सांगत नाहीत. "वही विसरलो" म्हणजे कधी कधी "वही संपली" असतं. सहलीच्या दिवशी पोट दुखतं, वाढदिवसाला वर्गमित्राकडे जायचं नसतं. म्हणून रागवायच्या आधी एकदा बाजूला घेऊन विचारावं.

घरी काय करावं?
१) खरं सांगा, पण थोडक्यात. उदा. "सध्या माग आठवड्यातून चारच दिवस चालतोय. पैसे कमी येतात. नवीन दप्तर दिवाळीनंतर बघू. तुझी शाळा सुरूच राहणार. यात तुझी काहीच चूक नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्याच भाषेत सांगा.
२) जे पाळता येईल तेवढंच कबूल करा. "पुढच्या महिन्यात नक्की" असं म्हणून तो महिना कोरडा गेला, तर मूल पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही.
३) कर्जाचे आकडे मुलांसमोर मोजू नका. आणि हप्ता मागायला कुणी आलं तर "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असं मुलाला दारात पाठवू नका. ते ओझं त्याच्या वयाचं नाही.
४) छोटी जबाबदारी द्या. बाजाराची यादी करणं, भाजीचा हिशोब लिहिणं. पण विड्या वळायला बसवू नका. १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना या कामावर ठेवायला बंदी आहे. तंबाखूची धूळ छातीत जाते, आणि अभ्यासाची वेळ गेली की शाळाही हळूहळू सुटते.

वर्गात काय करावं?
पैसे न भरलेल्यांची नावं मोठ्याने वाचू नयेत, फळ्यावर तर मुळीच लिहू नयेत. निरोप थेट पालकांना द्यावा. प्रकल्पासाठी विकतचा थर्माकोल सांगण्यापेक्षा जुनी पत्रिका, कापडाच्या चिंध्या, माती चालेल असं सांगावं. पेन्सिली-खोडरबरांचा एक डबा टेबलावर ठेवावा, ज्यातून कुणीही घ्यावं, मागायची गरज नाही. गणितात जमाखर्च शिकवताना "तुमच्या घरी किती पैसे येतात?" असं न विचारता काल्पनिक कुटुंब घ्यावं. तेच गणित होतं आणि कुणाची मान खाली जात नाही.

हक्काची मदत
ही भीक नाही, योजना आहेत. पालकांना तसंच सांगा.
• जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात आणि दुपारचं जेवणही मिळतं.
• विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. आईचं विडी कामगार ओळखपत्र आणि बँक खातं आधीच तयार ठेवा.
• आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. त्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावं लागतं.

बऱ्याच आयांना ऑनलाइन अर्ज जमत नाही. शाळेत एक शनिवार ठरवून कागदपत्रं घेऊन बोलवा आणि तिथंच अर्ज भरून द्या. पैसे कमी असणं मूल सहन करतं. आपल्याला कुणी काही सांगत नाही आणि चारचौघांत आपलं नाव घेतलं जातं, हे मात्र त्याला सहन होत नाही. घरातली तंगी दूर करणं आपल्या हातात नसेल, पण या दोन गोष्टी टाळणं नक्कीच आहे.