दोन कार्बोरेटरांची जुळणी

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी परदेशी यंत्राचे अंतरंग अभ्यासून स्वतःचा कॅमेरा घडविला व १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, आणि ज्याच्या शिवाजी उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री व वाय. पी. पोवार या यंत्रकुशल उद्योजकांची नावे आजही आदराने घेतली जातात, त्या शहरात कारखान्याने केव्हाच बंद केलेले एखादे यंत्र निगुतीने चालते ठेवणारे हात आढळावेत, हे त्या परंपरेला धरूनच आहे. अशा हातांची खरी परीक्षा पाहणारे काम कोणते, असे कोणी विचारल्यास मी राजदूत ३५० या मोटारसायकलीच्या दोन कार्बोरेटरांच्या जुळणीकडे बोट दाखवीन.

जपानच्या यामाहा कंपनीच्या आरडी ३५० या यंत्रावर बेतलेली ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली भारतीय बाजारात आणली. ३४७ घनसेंटिमीटर क्षमतेचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, आणि तेलाचा स्वतंत्र पंप, हा तिचा सरंजाम त्या काळच्या रस्त्यांना अपरिचित होता. मूळ जपानी यंत्राची ३९ अश्वशक्ती येथे सुमारे ३० वर, व पुढच्या आवृत्तीत त्याहूनही खाली आणली गेली, तरी तिच्या वेगाचा दरारा कमी झाला नाही. पेट्रोलच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या मध्यमवर्गाने मात्र १९८५ मध्ये आलेल्या काटकसरी हिरो होंडाला पसंती दिली, आणि त्या दशकाच्या अखेरीस राजदूत ३५० चे उत्पादन थांबले.

कार्बोरेटरचे तत्त्व सरळ आहे. नळी जेथे अरुंद होते तेथे हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, हा व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केलेला सिद्धान्त; त्या घटलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते व तुषाररूपाने हवेत मिसळते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. हे प्रमाण यंत्राच्या प्रत्येक अवस्थेत राखण्यासाठी मिकुनी जातीच्या कार्बोरेटरात अधिकाराची वाटणी केलेली असते: गाडी उभी असता व थ्रॉटल जेमतेम उघडला असता पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचा अंमल, मधल्या पल्ल्यात, मुठीबरोबर वर सरकून हवेची वाट उघडणाऱ्या स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा, आणि मूठ पूर्ण पिळली की मेन जेटचा.

राजदूत ३५० मध्ये प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र कार्बोरेटर असल्यामुळे ही सर्व व्यवस्था दोनदा, आणि तंतोतंत सारखी, करावी लागते. एका बाजूची स्लाइड केसभर आधी उचलली गेली, तर ते सिलिंडर दुसऱ्याला ओढू लागते. हँडलला थरथर जाणवते, पिकअप अडखळतो, पेट्रोल अधिक जळूनही शक्ती कमी मिळते. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जावर मिळाल्याशिवाय गवई गळा लावीत नाही, आणि अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे ज्या दरबाराने ऐकले त्या गावाला हे सांगावे लागू नये. येथेही दोन अवयवांपैकी कोणता अधिक जोरकस आहे हा प्रश्न गौण असून, दोघांचा स्वर एक आहे की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

परंतु जाणता मेस्त्री प्रथम स्क्रू-ड्रायव्हर उचलीत नाही. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आहे काय, पॉइंटांचे टायमिंग दोन्हीकडे बरोबर आहे काय, कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी नळीला चीर पडून हवा शिरत नाही ना, क्रँकच्या सिलांनी दम सोडलेला नाही ना, हवेची जाळी स्वच्छ आहे ना, याची तो तपासणी करतो. मग दोन्ही कार्बोरेटर उतरवून, जेटांत तार न घालता, कारण तारेने छिद्राचे माप बिघडते, ती हवेच्या दाबाने साफ करतो, सुईची क्लिप दोन्हीकडे एकाच खाचेत बसवितो आणि फ्लोटची उंची मोजतो. या पूर्वतयारीतच या विद्येचे मर्म आहे. स्क्रू फिरवून दोष झाकता येतो, दूर करता येत नाही. फुटक्या रबराची उणीव पेट्रोल वाढवून भरून काढणारा कारागीर गिऱ्हाइकाला आज समाधान व उद्या जळका पिस्टन देतो.

जुळणीचा विधी त्यानंतरचा. आयडलिंगचे दोन्ही स्क्रू मोकळे करून, कार्बोरेटरच्या तोंडातून स्लाइडींकडे पाहत मूठ अतिशय हळू पिळावयाची. दोन्ही स्लाइडी एकाच क्षणी हालल्या पाहिजेत, आणि न हालल्यास वरच्या केबलच्या अॅडजस्टरने मागे राहिलेलीची ढील काढावयाची. काही जण दोन्ही स्लाइडींखाली सारख्या जाडीच्या दोन सळ्या ठेवून डोळ्याच्या निर्णयाला बोटाच्या स्पर्शाची साक्ष जोडतात. या गाडीत मुठीपासून निघालेली एकच केबल पुढे तीन शाखांत विभागते, दोन कार्बोरेटरांकडे आणि तिसरी तेलाच्या पंपाकडे. म्हणून स्लाइडी जुळल्यावर पंपाची खूणही मिळवावी लागते. तेवढे राहून गेले, तर उत्तम जुळलेले इंजिन तेलावाचून घासले जाते.

मग इंजिन तापवून हवेचे स्क्रू हलकेच बसेपर्यंत आत घ्यावयाचे व सुमारे दीड फेरा बाहेर काढून कान लावावयाचा. एका बाजूचा प्लग बंद ठेवून दुसरे सिलिंडर एकटे चालवून पाहावे, नंतर उलट करावे. दोन्ही एकट्याने सारखीच चालली की काम बहुतांशी साधले.

अखेरचा निवाडा रस्त्यावर होतो. पूर्ण थ्रॉटलवर धाव घेऊन, क्लच दाबून इंजिन तत्क्षणी बंद करावे व प्लग काढून पाहावा: तपकिरी असल्यास मिश्रण योग्य, काजळी असल्यास पेट्रोल जादा, आणि पांढुरका असल्यास धोका, कारण कमी पेट्रोलाचे मिश्रण अतिशय तापते व पिस्टन वितळवू शकते. सुमारे ५५० मीटर उंचीच्या कोल्हापुरातून ९७७ मीटर उंच पन्हाळ्यावर जाताना हवा विरळ होते व पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते. गगनबावड्याहून घाट उतरून कोकणात जाताना उलट घडते. म्हणून तळकोकणच्या वाटेवर वारंवार जाणाऱ्या गाडीला पेट्रोल किंचित सढळ ठेवणे हा शहाणपणाचा दंडक होय.

कॅनडातील बर्फावर चालणाऱ्या जुन्या स्नोमोबिलींतही हीच दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक इंजिने व याच मिकुनी घराण्याची कार्बोरेटरे असत, आणि तेथील कारागीर गोठवणाऱ्या थंडीत हाच विधी याच क्रमाने करतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. हवा मोजून पेट्रोल देण्याचे काम आता संवेदक व संगणक करतात. तथापि त्यांनी सोडविलेला प्रश्न जुनाच आहे, आणि तो या दोन कार्बोरेटरांत उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. यंत्रविद्या शिकू पाहणाऱ्या मुलाला आधी या जोडीसमोर बसवावे, असे मला आग्रहाने वाटते: कारण शोधल्याखेरीज उपाय करू नये, ही शिस्त एकदा हाताला लागली, की पुढे त्याच्यापुढे कोणतेही इंजिन आले तरी ती त्याला उपयोगी पडेल.