दुःखानंतर घराची तपासणी

पन्नाशीच्या आसपास कुणी हृदयविकाराने गेले, की भेटायला येणारे ‘आयुष्यच तेवढे होते’ म्हणून उठतात. धीर द्यायलाच बोलतात, त्यांना दोष नाही. वैद्यकशास्त्र मात्र अशा मृत्यूकडे मागे राहिलेल्यांसाठी सूचना म्हणून पाहते. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर त्यांच्या सख्ख्या भावंडांना व मुलांना तो होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आमचे थोरले बंधू ५२ व्या वर्षी गेले. मधुमेह होता, तंबाखूची सवय होती. त्या रात्री छातीत कळ आली नाही. नुसता घाम आणि जळजळ. पित्तच वाटले. मधुमेह जुना असला की हृदयाची कळ पुष्कळदा जाणवत नाही. अशा माणसाला एकाएकी दरदरून घाम सुटला, दम लागला, तर सोडा-लिंबू करीत न बसता ई.सी.जी.ची सोय असेल तेथे तातडीने न्यावे.

तेरावे झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच तपासणीला बोलावले. माझे वय तेव्हा ४८. रक्तदाब १४६/९२. कंबर ९८ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांची ९० च्या आत आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी असे मानतात. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १६८. ती १४० च्या आत असावी, २०० किंवा त्यावर गेली की मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर होतो.

अशा उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास भरभर चालणे आणि बेताचे खाणे नेटाने करून घेतले, त्यांच्यात ३९ जणांना. जादू नाही, पण शंभरात सोळा माणसे म्हणजे थोडी नव्हेत.

चालायला मी लागलो, पण स्वयंपाकघर बदलले वहिनींनी. म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुमच्या एकट्याचे पथ्य मी रांधणार नाही. सगळे एकच खाऊ.’’ मला हे फार शहाणपणाचे वाटते. एकट्याचे पथ्य महिनाभर टिकते. मिठाचा हिशेब त्यांनीच मांडला. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ही वरची मर्यादा. आम्ही सहा जण. महिन्याला ९०० ग्रॅम व्हायला हवे, आणि आमच्याकडे दोन किलो संपत होते! शिवाय लोणचे, पापड, फरसाण यांतले वेगळेच. मीठ हळूहळू कमी केले. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. चहाची साखर निम्मी झाली. ताटात भाजी, उसळ वाढली, भाकरी दोनवर आली. ज्वारीने साखर वाढत नाही असे समजून चार-चार भाकऱ्या खाणारे मी पाहिले आहेत. वाढते, बरे का! उपासाच्या साबुदाण्याचे तर विचारूच नका.

वर्षभराने माझी साखर १३६ झाली, कंबर ९२. रक्तदाबाची एक गोळी मात्र चालू आहे. चालणे सुरू झाले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.

पुतण्या २४ वर्षांचा, त्याचे रिपोर्ट चांगले आले. पण वडिलांचीच तंबाखूची सवय त्यालाही होती. ती सुटायला दीड वर्ष लागले, मध्ये दोनदा पुन्हा सुरू झाली. घरात कुणी असे धडपडत असेल, तर सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो.