निवृत्त सैनिकांच्या फायली आणि खारपाणपट्ट्याचे कोडे

अंजनगाव सुर्जी तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा आहे. तिकडच्या विहिरींना गोडे पाणी, म्हणून पानमळे, पानपिंपळी आणि केळीच्या बागा. दक्षिणेकडे दर्यापूरच्या अंगाने पूर्णेच्या खोऱ्यात उतरू लागले की खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट असते. या पाण्याने मूत्रपिंडे निकामी होतात असे गावोगावी बोलले जाते. हे खरे आहे का, आणि असेल तर कितपत?

समजा, एका गावात मूत्रपिंडाचे वीस रोगी सापडले. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. वीस कितीजणांपैकी? त्यांची वये काय? मधुमेह, रक्तदाब किंवा वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय किती जणांना? तेवढ्याच वस्तीच्या गोड्या पाण्याच्या गावात किती रोगी आहेत? शिवाय हा आजार हळूहळू, पुष्कळ वर्षे आत वाढतो. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: सगळ्या माणसांची यादी, त्याच माणसाच्या अनेक वर्षांच्या नोंदी, आणि तुलनेसाठी दुसरा गट.

या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे मिळतात? याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेचे आहे. या सेवेत सुमारे 90 लाख माजी सैनिकांची नोंद आहे. माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेला तरी सेवा तीच राहते, आणि फाईलही त्याच्यामागे जाते. 1980 च्या दशकापासून या नोंदी संगणकावर येऊ लागल्या. रक्ततपासणी, औषधे, निदान, मृत्यू हे सर्व एका क्रमांकाखाली जोडलेले. लिहिणाऱ्या डॉक्टरने ते उपचारासाठी लिहिले; संशोधकाने नंतर त्याच नोंदींना नवे प्रश्न विचारले.

एक प्रश्न आम्लपित्ताच्या गोळ्यांचा होता. ओमेप्राझोल गटातली औषधे आपल्याकडेही सर्रास घेतली जातात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती नव्याने सुरू केलेल्या सुमारे 1 लाख 73 हजार माजी सैनिकांची फाईल पाच वर्षे तपासली गेली. तुलनेला निरोगी माणसे घेतली नव्हती. त्याच तक्रारीसाठी रॅनिटिडीनसारख्या जुन्या गटातली औषधे घेणारे सुमारे 20 हजार जण घेतले होते. असे का? आम्लपित्ताचा रोगी आणि निरोगी माणूस यांच्यात औषधाखेरीज इतरही पुष्कळ फरक असतात. पहिल्या गटात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा धोका सुमारे 28 टक्के जास्त आढळला. म्हणजे दुसऱ्या गटात ज्या काळात 100 जणांना विकार झाला असता, त्या काळात तेवढ्याच माणसांच्या पहिल्या गटात सुमारे 128 जणांना.

दुसरा प्रश्न आपल्या कोड्याच्या अधिक जवळचा आहे. 2017 साली सुमारे 25 लाख माजी सैनिकांच्या फायली त्यांच्या राहत्या ठिकाणच्या हवेतील सूक्ष्म कणांच्या मापनाशी जोडल्या गेल्या. हवा जितकी धुळकट, तितका मूत्रपिंडविकाराचा धोका जास्त, असे चित्र निघाले. हवेच्या जागी विहिरीच्या पाण्यातील क्षार ठेवा. खारपाणपट्ट्याला हवी असलेली पद्धत हीच आहे.

मात्र फाईल सर्व काही सांगत नाही. या माजी सैनिकांत बहुसंख्य पुरुष आणि वयस्कर. त्यांचे निष्कर्ष तरुण शेतकरी स्त्रीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कोण किती पाणी पितो, गोळी खरोखर घेतो की नाही, हे फायलीत नसते. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असेही होत नाही. अशा अभ्यासातून भक्कम संशय मिळतो. पुढची खात्री अन्य प्रयोगांनी करावी लागते.

हा मार्ग भारतालाही नवा नाही. मुंबईच्या पश्चिम रेल्वेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी वापरून हृदयविकाराचा अभ्यास केला आणि तो 1967 साली प्रसिद्ध केला. कर्मचारी दहा लाखांहून अधिक, म्हणजे ‘कितीजणांपैकी’ याचे उत्तर हजेरीपटातच होते. हृदयविकाराने मृत्यू दक्षिणेत पंजाबच्या सुमारे सातपट निघाले. स्निग्ध पदार्थ मात्र पंजाबात कितीतरी जास्त खाल्ले जात. कारणांवर वाद झाले, पण ‘तूप-लोणी म्हणजे हृदयविकार’ या सोप्या समीकरणाला धक्का बसला. आपल्या माजी सैनिकांसाठीही 2003 पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. तिच्या नोंदी नावे झाकून वापरता आल्या, तर येथेही असे प्रश्न विचारता येतील.

वऱ्हाडातील बाकीच्यांची फाईल कुठे आहे? तीच बाई आज प्राथमिक आरोग्य केंद्रात, उद्या अंजनगावच्या खाजगी दवाखान्यात, परवा अमरावतीला किंवा नागपूरला. प्रत्येक ठिकाणी नवा कागद. शहानूर धरणाचे नळाचे पाणी अनेक खारपाण गावांत पोचले. त्याआधी आणि त्यानंतर आजार किती, ही तुलना निसर्गाने व शासनाने जणू मांडून दिलेली आहे. जुन्या नोंदी जोडता आल्या तरच ती करता येईल. 2021 साली देशभर सुरू झालेला 14 अंकी आरोग्य खाते क्रमांक यासाठी उपयोगी पडू शकेल. मात्र रोग्याची संमती आणि गुप्तता सांभाळली नाही, तर लोक खरे सांगणार नाहीत, आणि नोंदी असून नसल्यासारख्या होतील.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शाळेच्या आरोग्य तपासणीची गेल्या पाच वर्षांची नोंदवही शिक्षकांनी काढावी, नावांच्या जागी क्रमांक घालावेत आणि मुलांना विचारावे: पाचही वर्षांची उंची व वजन जुळते असे विद्यार्थी किती? शाळा सोडून गेलेल्यांचे काय झाले? दोन वर्षांचे वजन एकाच काट्यावर घेतले होते का? वहीतली भोके मुलांना स्वतः मोजू द्यावीत, आणि पुढच्या तपासणीला रकाने त्यांनाच आखायला सांगावेत.